समास सोडा

मला दिवसभर बजावणारे घरात दोघं आहेत. एक आमच्या सौ. आणि दुसरा संगणक. सौ.चं बजावणं मराठीत असतं आणि त्याच्याखाली ‘होय’, ‘नाही’, ‘रद्द’ अशी बटणं नसतात, त्यामुळे मान खाली घालून ऐकून घेतलं की विषय संपतो. संगणकाचं तसं नाही. तो आधी ‘टुंग’ करतो, मग पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी करतो. चौकटीत पिवळा त्रिकोण, त्रिकोणात उद्गारचिन्ह, शेजारी दोन ओळी इंग्रजी आणि खाली बटणं. उत्तर दिल्याशिवाय पुढचं अक्षर उमटू देत नाही. जकात नाका गेला, पण नाकेदार आमच्या टेबलावर येऊन बसला.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी लिहितो त्याचं नाव मी घेणार नाही. आमच्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. ‘हे आले’, ‘हे जेवले’, ‘ह्यांचं डोकं फिरलंय’ एवढ्यावर तिचा संसार झाला. मीही आठ वर्षं रोज नांदतोय, तेव्हा मीही त्याला ‘हे’च म्हणतो.

माझी उभी हयात टाइपरायटरवर गेली. 1975 साली म्हसवडमधून दहावी झालो, टायपिंगच्या क्लासला गेलो, मराठी तीसची परीक्षा दिली, मग चाळीसची दिली, आणि 1983 साली एका कचेरीत टंकलेखक म्हणून चिकटलो तो 2017 साली निवृत्त होऊनच उठलो. त्या मशीनला एकच इशारा ठाऊक होता. ओळ उजव्या कडेला पोचत आली, पाच-सात अक्षरांची जागा उरली, की ‘टिंग’ अशी घंटी वाजायची. म्हणजे बाबा रे, ओळ संपत आली. हातातला शब्द पुरा कर आणि मशीनची गाडी मागे सरकव. दिवसातून हजारदा वाजली तरी तिचा अर्थ एकच होता आणि चौतीस वर्षांत ती एकदाही खोटं बोलली नाही. गोदरेजनं 1955 साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला आणि 2009 साली बनवणं थांबवलं. त्या दिवशी भारतातला शेवटचा खरं बोलणारा इशारा बंद पडला, असं माझं मत आहे. ते का, हे शेवटी कळेल.

निवृत्तीच्या पैशातून संगणक आणला. पहिल्या दिवशी देवाचं नाव घ्यावं म्हणून ‘श्री सिद्धनाथ प्रसन्न’ असं टाइप केलं. तीन शब्द, आणि तिन्ही शब्दांखाली लाल नागमोडी रेघ. म्हटलं देवाच्या नावाखाली रेघ हा मान असेल. पुढे लिहिलं, ‘मु. पो. म्हसवड, ता. माण, जि. सातारा’. तिथेही रेघा. मग स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्याखालीही रेघ. सहासष्ट वर्षं ज्या नावानं मला लोक हाका मारतात आणि ज्या नावानं पेन्शन जमा होतं, ते नाव चुकलेलं आहे, असं ह्यांचं म्हणणं पडलं. पानभर मजकूर झाला तेव्हा आषाढात तालमीच्या हौद्यात लाल माती कालवावी तसं पान दिसत होतं.

लाल शाईची आम्हाला सवय नाही असं नाही. शाळेत मराठीचे गुरुजी होते. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 चे चार, असे शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम त्यांना तोंडपाठ. आमची वही त्यांच्याकडून परत यायची ती कुंकवाच्या करंड्यात पडल्यासारखी. पण गुरुजींनी रेघ मारली, की तिथे खरोखर काहीतरी पाप केलेलं असायचं. ‘पाणि’ लिहिलं की रेघ. ‘पाणी’ लिहिलं की नाही. गुरुजींची रेघ चुकीखाली असायची. ह्यांची रेघ अनोळखी शब्दाखाली असते. या दोन्हींत केवढा फरक आहे हे मला ज्यानं समजावलं, तो शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि सातवीत शाळा सोडून मेंढरामागे गेला.

हा दोस्त एक दिवस अर्ज लिहून घ्यायला आला. लांडग्यानं दोन मेंढरं मारली होती, वनखात्याकडे भरपाई मागायची होती. मी टाइप करत होतो आणि तो मागे उभा राहून पडदा बघत होता.

“आरं, ही गांडुळं कशाला सोडल्यात?”

“ती गांडुळं नव्हेत. मशीन म्हणतंय, चुकलंय.”

“काय चुकलंय?”

मी बघितलं. ‘लांडगा’खाली रेघ होती, ‘मेंढी’खाली रेघ होती, ‘ठार’खाली रेघ होती, आणि ‘अर्जदार’खालीही रेघ होती. म्हटलं, “सगळंच.”

तो खुर्चीत बसला. “माजं कुत्रं पाव्हन्यावर येगळं भुकतं आन् लांडग्यावर येगळं. निजल्या जागी आयकून मला कळतं, उटायचं का कूस बदलायची. समद्यावर सारखंच भुकाय लागलं, तर त्येला भाकरी कोन घालंल?”

संगणकशास्त्राचं एवढं नेमकं व्याख्यान मी पुढे कुठे ऐकलं नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, ते तुम्हाला चूक म्हणत नाहीये. त्याला वाटतंय की तुम्ही इंग्रजी लिहिताय.”

“मी देवनागरीत सिद्धनाथ लिहितोय आणि त्याला ते इंग्रजी वाटतंय?”

“त्याची भाषा इंग्रजी ठरवलेली आहे ना. तुम्ही असं करा, कंट्रोल आणि ए दाबा, सगळं निळं होईल. मग वर रिव्ह्यूमध्ये जा, तिथे लँग्वेज आहे, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज. यादीतून मराठी निवडा.”

यादी उघडली. जगातल्या एवढ्या भाषा मी एका जागी पंढरीच्या वारीतही बघितल्या नव्हत्या. उतरत उतरत मराठी सापडली. निवडली. लाल रेघा पुसल्या गेल्या. मी खुर्चीत मागे टेकलो, आणि तेवढ्यात वरच्या अंगाला पिवळी पट्टी उलगडली. तिचा अर्थ भाच्यानं सांगितला तो असा, की या मजकुरात मराठी आहे, मराठी तपासायची साधनं या मशीनवर नाहीत, ती उतरवून घ्यायची का? म्हणजे आधी मराठी ओळखत नाही म्हणून ओरडत होतं. आता मराठी ओळखलं, पण येत नाही म्हणून ओरडायला लागलं. नव्या सुनेनं ‘मला स्वयंपाक येत नाही’ असं पहिल्याच दिवशी पाटी लावून सांगावं, तसा हा प्रामाणिकपणा. त्या पट्टीवर ‘पुन्हा दाखवू नका’ असं एक बटण होतं. ते दाबलं. बटण दाबून गप्प बसणारी ही घरातली पहिली व्यक्ती.

पुढे ही साधनंही उतरवून झाली, आणि मग एकेक शब्द त्याला शिकवायचं काम सुरू झालं. रेघेवर उजवी टिचकी मारली की ‘ॲड टू डिक्शनरी’ असं येतं. ‘म्हसवड’ चढवलं. वाटलं, गावाचं नाव एकदाचं नोंदलं गेलं. दुसऱ्या ओळीत ‘म्हसवडला’ लिहिलं, रेघ. ‘म्हसवडचा’, रेघ. मग ‘म्हसवडची’, ‘म्हसवडच्या’, ‘म्हसवडहून’, ‘म्हसवडात’, ‘म्हसवडकर’, ‘म्हसवडकरांना’, ‘म्हसवडकरांच्यासुद्धा’. इंग्रजीत नाम आपलं एकटं असतं, फार तर मागे एक एस लावून हिंडतं. मराठी नाम म्हणजे भरल्या घरातलं. विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सगळी वरात मागे. रेशनकार्डावर एकाचं नाव चढवायला जावं आणि त्याचं उभं कुटुंब रांगेत यावं तसं झालं. ‘म्हसवडकरणींनी’पर्यंत पोचलो आणि नाद सोडला.

शेवटी रामबाण उपाय केला. फाईलमध्ये ऑप्शन्स, ऑप्शन्समध्ये प्रूफिंग, आणि तिथे टाइप करतानाच शुद्धलेखन तपासण्याची जी बरोबरची खूण असते ती काढून टाकली. एका टिचकीत माझं मराठी निर्दोष झालं. अठरा नियमांनी जे चाळीस वर्षांत साधलं नाही, ते दोन सेकंदांत साधलं.

ही नागमोडी रेघ तशी जुनी आहे. टाइप करता करता शब्दाखाली लाल लाट काढायची पद्धत ह्यांच्या 1995 सालच्या आवृत्तीत आली. 1997 मध्ये तिच्या जोडीला व्याकरणाची हिरवी लाट आली, आणि त्याच साली कोपऱ्यात डोळे मिचकावणारी एक कागदाची टाचणी आली, क्लिपी नावाची. तुम्ही ‘प्रिय’ एवढं लिहिलंत की ती टाचणी वाकून विचारायची, पत्र लिहिताय वाटतं? मदत करू? जगभरातल्या माणसांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत क्वचित झालं असेल. लोकांनी तिला इतक्या शिव्या दिल्या की 2007 च्या आवृत्तीत ती कायमची निघून गेली. आमच्या आळीतही अशी एक टाचणी आहे. ‘बाजारला निघाला वाटतं?’ असं पिशवी हातात दिसत असताना विचारते. तिला काढायला मात्र नवी आवृत्ती येत नाही.

सगळेच इशारे कुचकामी असतात असं मी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून आलेली फाईल उघडली, की वर एक पिवळी पट्टी येते आणि फाईल कुलूपबंद राहते. ‘एनेबल एडिटिंग’ म्हटल्याशिवाय हात लावू देत नाही. बाहेरून आलेली फाईल आहे, पोटात काय असेल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. हे मला पटतं. आमची आजी परगावाहून आलेल्याला उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायला लावायची, तसंच आहे हे. ओळखीची, विश्वासाची फाईल असेल तर तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये जावं, खाली ‘अनब्लॉक’ असतं त्यावर खूण करावी, पट्टी परत येत नाही. अनोळखी फाईल असेल तर पाय धुतल्याशिवाय आत घेऊ नये.

आणखी एक इशारा मला मनापासून आवडतो. काना किंवा वेलांटी आधी पडली आणि अक्षर राहिलं, तर पडद्यावर टिंबाटिंबांचं एक पोकळ वर्तुळ उमटतं आणि त्याला ती वेलांटी लटकलेली असते. म्हणजे बिऱ्हाडाचं सामान आलं, भाडेकरू कुठाय? ना टुंग, ना चौकट, ना बटण. जिथे चूक तिथेच दाखवायची, आणि तिच्या आधी अक्षर घातलं की आपण होऊन निघून जायचं. हा इशारा देवनागरी जाणणाऱ्यानं घडवलाय हे बघताक्षणी कळतं.

उलट जिथे ओरडायला पाहिजे, तिथे हे चिडीचूप. माझ्याकडे जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली होत्या, युनिकोडच्या आधीच्या. त्या फॉन्टची गंमत अशी, की आत सगळी इंग्रजीच अक्षरं आणि चिन्हं. वरून मराठीचा अंगरखा. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही, तिथे फाईल उघडली की अंगरखा गळून पडतो आणि खाली इंग्रजी अक्षरांचा आणि कंस-टिंबांचा कचरा दिसतो. अशा एका फाईलमध्ये माझ्या वडिलांच्या आठवणी होत्या. त्या कचऱ्यावर ह्यांनी चौकट उभी केली नाही की ‘फॉन्ट सापडत नाही’ असं अवाक्षर काढलं नाही. काही शब्दांखाली लाल रेघा मारल्या आणि गप्प बसले.

इशाऱ्यांच्या बाबतीत आम्ही म्हसवडकर तसे कमनशिबीच आहोत. पावसाळ्यात मोबाईलवर निरोप धडकतो, ‘सातारा जिल्ह्याला रेड अलर्ट’. आता सातारा जिल्हा केवढा? पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला आम्ही, डोंगराच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत. आमच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही जेमतेम येतो. हवामान खातं बिचारं ‘घाटमाथा’ असं स्पष्ट लिहितं, पण निरोप पुढे ढकलणारे घाट गाळतात आणि माथं तेवढं आमच्याकडे पाठवतात. त्या दिवशी माणगंगेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असतात आणि पुण्याहून भाचा फोन करतो, “मामा, घराबाहेर पडू नका.” मी छत्री घेऊन बाहेर पडतो. उन्हासाठी. पुढे कधीतरी खरंच ढग फुटला, तर मी खात्रीनं सांगतो, आम्ही निरोप वाचून हसत अंगणात उभे असू.

वाईट सवय लागते ती अशी. दहा चौकटी खोट्या निघाल्या, की अकरावी न वाचता ‘ओके’. माझं बोट तर चौकट यायच्या आधीच बटणाकडे निघालेलं असायचं. आणि हे आमच्या म्हसवडला शोभणारं नव्हे. आमच्या गावात 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ती उभी करणाऱ्या चेतना सिन्हा आणि गावच्या बायका परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे गेल्या तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर कितीतरी प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका घरी आल्या, पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या, आणि काही महिन्यांनी परत जाऊन साहेबांना म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, तोंडी काढून दाखवतो. परवाना मिळाला. त्या बायकांनी अंगठा सोडून वाचायला घेतलं. आणि आम्ही शिकलेले? समोर मजकूर असतो, वाचता येत असतो, आणि न वाचता त्याच्याखाली टिचकी मारतो. अंगठाच तो. फक्त आता तो माऊसवर असतो.

या माझ्या अंगठ्याची किंमत सात हजार चारशे रुपये झाली. ते आता सांगतो.

आमच्या दहावीला 2025 साली पन्नास वर्षं झाली. मेळावा भरवायचं ठरलं. समिती झाली. टायपिस्ट म्हणून पत्राचं काम न विचारता माझ्याकडे आलं. समितीची दुसरी बैठक जेवण या एकाच विषयावर तीन तास चालली. निम्म्यांना साखर, उरलेल्यांना रक्तदाब, एकाला वांगं चालत नाही, एकाला तेल. शेवटी ठराव झाला, जेवण ठेवायचं नाही. चहा, बिस्किटं, जुन्या आठवणी, आणि ज्यानं त्यानं घरून डबा आणावा.

पत्र झालं सव्वा पान. अध्यक्ष म्हणाले, एका पानात बसव, बासष्ट पत्रं आहेत, कागद वाचेल. माणदेशात पाणी जपून वापरायचं वळण आहे, ते कागदालाही लागतं. मी ‘तरी प्रत्येकाने आपला डबा आणावा’ हे वाक्य काढलं, कारण सौ. म्हणाल्या, पत्रिकेत डबा आणा असं लिहितात का कुठे? तरी दोन ओळी उरल्याच. मग उजवीकडचा समास बाहेर ओढला. आणखी ओढला. अगदी कागदाच्या कडेला नेऊन टेकवला. बसलं.

छपाईसाठी पत्र पुन्हा उघडलं. टुंग. पहिली चौकट पत्त्यांच्या यादीची: हे पत्र उघडताना एक एसक्यूएल कमांड चालेल, पुढे जायचं का? मेल मर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ही भेटते. अर्थ एवढाच, की यादीतली नावं पत्रात येतील. यादी आपलीच असली तर ‘होय’ म्हणायला हरकत नाही. मी ‘होय’ म्हटलं आणि पत्र छपाईला दिलं.

टुंग. दुसरी चौकट. समास छापण्याच्या जागेबाहेर गेले आहेत, काही मजकूर कापला जाण्याची शक्यता आहे, तरी छापायचं का?

आता ही चौकट माझ्या आठ वर्षांच्या ओळखीची. माझ्या नेहमीच्या कोऱ्या नमुन्यात फूटरची, म्हणजे पानाच्या तळपट्टीची, जागा कागदाच्या कडेला टेकलेली होती. तिथे काही लिहिलेलं नसे, त्यामुळे कापलं जायला काही नसे. पण चौकट प्रत्येक छपाईला यायची. आठ वर्षं ‘लांडगा आला रे’ ऐकून आठ वर्षं मी ‘होय’ म्हटलं होतं. याही वेळी म्हटलं. पडद्यावर पत्र ठणठणीत होतं. छापलेला पहिला कागद चष्म्याशिवाय, हातभर लांब धरून बघितला. सही करायची जागा दिसली, मन भरलं. बासष्ट पाकिटं टपालात पडली.

प्रिंटर कागदाच्या कडेचा साधारण अर्धा सेंटिमीटर छापू शकत नाही. कागद ओढायला त्याला तेवढी कड धरावी लागते. त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये प्रत्येक लांब ओळीचं शेवटचं अक्षर गेलं. ‘रविवार’चा ‘रविवा’ झाला, ‘सहकुटुंब’चं ‘सहकुटुं’ झालं. माणसं शहाणी असतात. असले शब्द मनातल्या मनात पुरे करून घेतात. पण एका ओळीनं घात केला. ती ओळ अशी होती: ‘समितीने दुपारच्या जेवणाची सोय केली नाही’. त्यातलं ‘ना’ कागदावर राहिलं आणि ‘ही’ प्रिंटरनं खाल्लं.

बासष्ट घरी पत्र पोचलं: ‘समितीने दुपारच्या जेवणाची सोय केली ना’.

या ‘ना’पुढे पुरं करायला काही उरलेलंच नव्हतं. उलट पन्नास वर्षांनी जुना वर्गमित्र लाडानं खांद्यावर हात टाकून सांगतोय, अरे ये रे, जेवणाची काळजी कशाला, सोय केली ना! एकजण मला नंतर म्हणाला की तेवढी एक ओळ वाचून त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

मेळाव्याच्या दिवशी माणसं आली. सकाळी नाश्ता न करता आली, दुपारचं पोटभर हाणायचं म्हणून. अकलूज, आटपाडी, विटा, दहिवडी, पुणे, मुंबई, सगळीकडून ‘सहकुटुं’ आली. बारा वाजता भाषणं संपली. एक वाजता टाळ्या संपल्या. सव्वा वाजता लोक एकमेकांकडे बघायला लागले. दीड वाजता एका वर्गभगिनीनं नातवाला मांडीवर घेत मला विचारलं, “पंगत कुठं रं?”

मी म्हटलं, “पंगत नाही.”

तिनं पर्समधून पत्र काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. चौतीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाला त्या क्षणी कानात घंटी ऐकू आली. टिंग. ओळ संपत आली रे.

पुढचे दोन तास मी तपशिलानं सांगत नाही. आमच्या आळीतल्या सहा घरांत चुली आणि गॅस एकदमच पेटले. मी पिठासाठी पळालो, अध्यक्ष बेसनासाठी पळाले. बाजरीच्या भाकरी, पिठलं, खर्डा आणि कांदा. मेंढरामागचा माझा दोस्त मोटरसायकलला दोन कॅन बांधून ताक घेऊन आला. साखरवाले, रक्तदाबवाले, तेल न खाणारे, सगळे भुईवर मांडी घालून बसले आणि पहिल्या भाकरीला गप्प झाले. पुण्याहून आलेल्या एकानं बोटं चाटत विचारलं, “हुलग्याचं माडगं नाही का केलं?” त्याला उत्तर द्यायला माझ्या तोंडात ‘नाही’ होतं, पण त्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला होता. मी नुसती मान हलवली.

रात्री हिशेब केला. सात हजार चारशे. समितीनं ठराव करून तो खर्च टंकलेखकाच्या नावे टाकला.

मग बसून विचार केला. इंग्रजीत नकार आधी येतो. कडेचं अक्षर गेलं तरी ‘नो लंच’मधलं ‘नो’ शाबूत राहतं. मराठीत आपण सगळं वाक्य बोलून घेतो, ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटू देतो, आणि मग शेवटी, अगदी कडेला, हळूच ‘नाही’ ठेवतो. लग्न ठरवताना, उसने पैसे मागितल्यावर, निवडणुकीला उभं राहताना, सगळीकडे आपला जीव शेवटच्या शब्दात असतो. समासाचा इशारा ज्यांनी घडवला, त्यांच्या लेखी तो एका अक्षराचा प्रश्न होता. आमच्याकडे तो शंभर भाकरींचा निघाला. ह्यांच्या सगळ्या चौकटींमध्ये हीच एक लांडग्याची होती, आणि तिचंही भुंकणं बाकीच्यांसारखंच.

दुसऱ्या दिवशी घर साफ करावं तसा संगणक साफ केला. कोऱ्या नमुन्यातली ती तळपट्टीची जागा कडेपासून सव्वा सेंटिमीटर आत आणली. आठ वर्षांची टुंग कायमची थांबली. एवढंच करायचं होतं. ते करायला एक मिनिट लागलं आणि आठ वर्षं मी ‘होय’ म्हणत बसलो. कारण चौकट घालवण्यात आणि चौकटीचं कारण घालवण्यात फरक आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून माझ्यासारख्यांना सांगणं आहे. लाल रेघा त्रास देत असतील तर भाषा मराठी ठरवा, नाहीतर तपासणी खुशाल बंद करा. गावाचं नाव कुणी चूक म्हणालं म्हणून बदलत नसतं. बाहेरची फाईल पाय धुऊन घरात घ्या. तीच तीच चौकट रोज येत असेल तर एकदा चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचा आणि तिचं कारण काढा, म्हणजे ज्या दिवशी चौकट येईल त्या दिवशी ती खरी असेल. आमचे गुरुजी वही उघडायच्या आधी म्हणायचे, समास सोडा. ते डावीकडचं सांगायचे. मी उजवीकडचंही सांगतो.

आणि कुणाला ‘नाही’ कळवायचं असेल, तर ते ओळीच्या मधोमध लिहा.